हलगी ते एलईडी: मैदान कुणाच्या इशाऱ्यावर ओरडतं?

स्टेडियममधल्या मोठ्या पडद्यावर ‘आवाज!’ असली अक्षरं नाचतात ना, आज त्यांचा इतिहास. आणि सुरुवात कसबा बावड्यातनं. हसू नका. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म इथल्याच लक्ष्मी विलास पॅलेसमधला, २६ जून १८७४ चा. १९०२ साली ते युरोपला गेले, रोममधलं जुनं मैदान बघितलं, आणि पुढं १९१२ पर्यंत कोल्हापुरात खासबाग उभं राहिलं. आखाडा मध्ये, भोवती चढत गेलेली बैठक. कुठंही बसा, पुढच्याचा फेटा आड येत नाही.

दिसायची सोय झाली. पण हजारोंना एका लयीत आणायचं कुणी? हलगीनं. पैलवान नुसते हात अजमावत असतात तोवर हलगी संथ. ढाक लागली, पट निघाला, की ठेका चढतो, घुमकं त्याला धरतं, आणि पार मागं बसलेल्यालाही कळतं, आता काहीतरी होणार. हे वाद्य परंपरेनं प्रामुख्यानं मातंग समाजातल्या कलावंतांनी जपलं. त्यांचा डोळा कुस्तीवर, हात कातड्यावर. माझ्या मते आपल्याकडचे गर्दी चेतवणारे पहिले डिझायनर हेच.

तिकडं अमेरिकेत १९६० मध्ये शिकागोच्या कॉमिस्की पार्कात धावफलकातनंच फटाके उडायला लागले. १९६५ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये दिव्यांचे बैल आणि काउबॉय फलकावर पळाले. १९८० ला लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर मित्सुबिशीचा डायमंड व्हिजन आला, आणि फलकाचा टीव्हीच झाला. आपल्याकडं ही सवय खरी लावली ती २००८ च्या आयपीएलनं, आणि २०१४ पासून प्रो कबड्डीनं.

आता यातली मेख. हलगी पेच लागल्यावर चढते. पडद्यावरचा लूप मात्र आधीच बनवून ठेवलेला असतो, पाच-दहा सेकंदांचा. ऑपरेटरनं बटण दाबलं की तो सुरू, मग मैदानात काही घडत असो वा नसो. म्हंजे हलगी साथ देते आणि पडदा हुकूम सोडतो. मला हा फरक लहान वाटत नाही.

दुसरी अडचण आपल्या लिपीची. स्वस्तातला पी-१० पॅनेल घ्या: दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर, उंचीला १६ ठिपके. इंग्रजी कॅपिटल अक्षर ते सगळे वापरतं. मराठीत वर वेलांटी, खाली उकार, मधल्या अक्षराला उरतात आठ-नऊ. ‘महाराष्ट्र’ लिहिलं की ‘ष्ट्र’चा नुसता डाग. म्हणून ‘उठा’, ‘आवाज’, ‘चला’ असले सुटसुटीत शब्द घ्यायचे, पाठीमागं काळं, आणि जोडाक्षर आलंच तर दोन पॅनेल उंची मागून घ्यायची. आयोजक इंग्रजीच टाका म्हणतात ते बऱ्याचदा याच आळसापायी.

आणि त्या लूपखाली आवाज कसला असतो? बऱ्याचदा रेकॉर्ड केलेली हलगीच! वाजवणाऱ्याचं नाव पडद्यावर कुठंच येत नाही. खेळाडूचं येतं, प्रायोजकाचं तर दर षटकाला येतं. एक ओळ द्यायला कितीसे ठिपके लागतात?

पुढच्या भागात कुस्तीच्या निवेदकांबद्दल बोलू. तोवर एखादं मैदान गाठा, दोन मिनिटं डोळे मिटून नुसती हलगी ऐका, आणि कुस्ती कुठवर आली ते ओळखता येतंय का बघा.