जाळायचे राहिलेले कागद



तुमच्यापैकी बरेच जण हाउसिंग सोसायटीत राहत असतील. वार्षिक सभेला गेला असाल. पार्किंगवरून दीड तास भांडण होतं, कोणीतरी उठून निघून जातं, जुनी उणीदुणी निघतात. पंधरा दिवसांनी इतिवृत्त येतं. त्यात काय असतं? ‘सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ सेक्रेटरी खोटं लिहीत नाही. ठराव मंजूर झालेला असतो. पण त्या संध्याकाळी काय झालं, हे त्या ओळीवरून पन्नास वर्षांनी कोणाला कळेल का?

आजचा विषय हाच आहे. फक्त ती सभा लंडनची, दुसऱ्या महायुद्धातली, आणि खुर्चीत विन्स्टन चर्चिल. त्या सभेतल्या एका ठरावाचा संबंध थेट आपल्या पुण्याशी आहे. तिथे आपण येऊच. आधी कागदांचं समजून घेऊ.

ब्रिटनचं मंत्रिमंडळ फार जुनं, पण १९१६ पर्यंत त्याच्या बैठकांचं अधिकृत इतिवृत्तच ठेवलं जात नव्हतं. पंतप्रधान राजाला पत्र लिहून काय झालं ते कळवायचे, तेवढंच. पहिल्या महायुद्धात हा कारभार चालेना. कोणी काय करायचं ठरलं, यावरूनच घोळ होऊ लागले. डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले आणि त्यांनी मंत्रिमंडळाची कचेरी उभी केली. तिचे पहिले सचिव मॉरिस हँकी. तेव्हापासून सचिव बैठकीत बसू लागले, टिपणं घेऊ लागले.

आता या टिपणांचं पुढे काय व्हायचं, ते नीट लक्षात घ्या. सचिव बैठकीत हातानं लिहून घ्यायचा: कोण बोललं, काय बोललं, कुठे आवाज चढला. बाहेर येऊन त्यावरून तो कोरडं, नीटनेटकं इतिवृत्त तयार करायचा. ते टाइप होऊन मंत्र्यांकडे जायचं. त्यात निर्णय असायचा, कारणं असायची. भांडण शक्यतो नसायचं. मंत्रिमंडळ एकदिलाचं दिसलं पाहिजे, हा त्या राज्यपद्धतीचा पायाच आहे. फार नाजूक भाग असला तर तो वेगळ्या गोपनीय जोडपत्रात. आणि हे झालं की मूळ टिपणं नष्ट करायची, जाळून टाकायची. ती जवळ ठेवणं म्हणजे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली गुन्हा.

एका माणसानं ती जाळली नाहीत. त्याचं नाव लॉरेन्स बर्गिस.

हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. बर्गिस मंत्री नव्हता, सेनापती नव्हता. युद्ध मंत्रिमंडळाच्या कचेरीतला सहायक सचिव. तरुणपणी तो लॉर्ड ईशर यांच्या हाताखाली होता. हे ईशर म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या पत्रांच्या संपादकांपैकी एक. कागद जपणाऱ्या माणसाकडे बर्गिसची उमेदवारी झाली, असं म्हणायला हरकत नाही. पुढे तो हँकींच्या कचेरीत आला आणि दुसऱ्या महायुद्धात त्या खोलीत बसून टिपणं घेऊ लागला, जवळजवळ शब्दशः. आणि ती त्यानं ठेवून दिली. नंतर ते कागद केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजच्या अभिलेखागारात पोचले. तिथेही बरीच वर्षं फारसं कोणी त्यांच्याकडे फिरकलं नाही. इतिहासकार अँड्र्यू रॉबर्ट्स यांनी २००८ मधल्या आपल्या पुस्तकात त्यांचा मोठा वापर केला, तेव्हा कुठे त्यांचा बोलबाला झाला.

कोणी म्हणेल, अधिकृत इतिवृत्त आहे ना, मग या चोरट्या कागदांचं एवढं काय? त्यासाठी एक उदाहरण सांगतो.

मे १९४०. फ्रान्स कोसळतोय, ब्रिटिश फौज डंकर्कला अडकलीय. युद्ध मंत्रिमंडळात तेव्हा पाच माणसं: चर्चिल, हॅलिफॅक्स, चेंबरलेन, ॲटली, ग्रीनवुड. २६ ते २८ मे असे तीन दिवस एका प्रश्नावर खल झाला. मुसोलिनीच्या मध्यस्थीनं तहाची काही शक्यता आहे का, हे तपासायचं की नाही? हॅलिफॅक्स म्हणत होते, निदान पाहू तरी. चर्चिल म्हणत होते, त्या वाटेला जायचंच नाही. शेवटी चर्चिल यांचं खरं झालं. युद्ध संपल्यावर चर्चिल यांनी आठवणींचे सहा खंड लिहिले. त्यात ते सांगतात की लढत राहायचं की नाही, हा प्रश्न मंत्रिमंडळाच्या विषयपत्रिकेवर कधी आलाच नाही! वीसेक वर्षं जगानं ते खरं मानलं. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला युद्धकाळाचे कागद खुले झाले. गोपनीय जोडपत्रांतून तो तीन दिवसांचा वाद बाहेर आला.

म्हणजे तीन थर झाले. सगळ्यात वर नेत्याच्या आठवणी. त्याखाली अधिकृत इतिवृत्त. आणि तळाला कच्ची टिपणं, जी जाळायची होती. आपल्याकडे राजवाड्यांनी बखरी बाजूला ठेवून अस्सल पत्रांमागे गावोगाव पायपीट केली, ती याचसाठी. बखर लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. पत्र लिहिणाऱ्याला नसतो.

आता पुण्याला येऊ.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. आठवडाभरात, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई तिथेच गेले. १० फेब्रुवारी १९४३ ला गांधीजींनी तिथे एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. वय त्र्याहत्तर. सरकारनं उपोषणापुरती सुटका देऊ केली, ती त्यांनी नाकारली. देशभर काळजी पसरली. १७ फेब्रुवारीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तीन सदस्यांनी राजीनामे दिले: होमी मोदी, नलिनी रंजन सरकार आणि आपले यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे.

लंडनमध्ये काय चाललं होतं? अधिकृत इतिवृत्तात धोरण सापडतं. पण २००६ च्या जानेवारीत ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं आणखी एक गठ्ठा खुला केला: नॉर्मन ब्रुक यांच्या वह्या. ब्रुक युद्धकाळात मंत्रिमंडळाचे उपसचिव होते, पुढे सचिव झाले. या वह्या कचेरीतच राहिल्या होत्या. साठ वर्षं कोणाला दाखवल्या नव्हत्या, एवढंच. जानेवारी १९४३ ची, म्हणजे उपोषणाच्या आधीची, चर्चा त्यात आहे. चर्चिल यांचं म्हणणं असं की माणसाला आत ठेवा आणि त्याला काय करायचं ते करू द्या. उपोषणाच्या दबावाखाली सोडायचंच असेल तर मग आत्ताच सोडा. दुसऱ्या बाजूला क्रिप्स बजावत होते: हा माणूस लोकांच्या लेखी जवळजवळ धर्मपुरुष आहे, आपल्या कैदेत तो मेला तर फार महागात पडेल. तुटक वाक्यं आहेत, घाईचं अक्षर आहे. पण पुण्यातल्या एका कैद्याच्या जिवाची किंमत लंडनच्या टेबलावर कशी तोलली जात होती, हे त्या तुटक वाक्यांतून जेवढं कळतं तेवढं ‘सर्वानुमते’ या शब्दातून कधी कळणार नाही.

पुढचा भाग ऐका. उपोषण चालू असताना चर्चिल यांना संशय आला की गांधीजी पाण्यातून ग्लुकोज घेताहेत. त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना तारेनं विचारलं. लिनलिथगो काही गांधीजींचे मित्र नव्हते. पण त्यांचं उत्तर असं होतं की जवळ असलेल्यांना तसं वाटत नाही, आणि डॉक्टरांनी ग्लुकोज घ्यायचा आग्रह केला तेव्हा गांधीजींनी साफ नकार दिला. ही तार आज छापील आहे. ब्रिटिश सरकारनंच सत्तांतराच्या कागदपत्रांचे बारा खंड काढले, त्यातल्या तिसऱ्यात. तरी चर्चिल यांनी आठवणींच्या चौथ्या खंडात ग्लुकोजची गोष्ट छापलीच. आणि ते खंड छपाईआधी सरकारतर्फे वाचत कोण होतं? नॉर्मन ब्रुक! ज्यांच्या वह्या बंद कपाटात होत्या, तेच ब्रुक.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर कच्चा कागद तेवढा खरा आणि पक्का कागद खोटा, असा समज व्हायचा.

१९४३ चाच बंगालचा दुष्काळ घ्या. वीस ते तीस लाख माणसं गेली. भारतमंत्री होते लिओ अमेरी. त्यांचा जन्म गोरखपूरचा. त्यांनी उन्हाळ्यात पाच लाख टन गव्हाची मागणी मंत्रिमंडळापुढे ठेवली. ४ ऑगस्टच्या बैठकीत काय मिळालं? इराकमधली एक लाख टन बार्ली आणि ऑस्ट्रेलियाचा फार तर पन्नास हजार टन गहू. इतिवृत्तातलं कारण आहे जहाजांची टंचाई. ते कारण खोटं नव्हतं. जहाजांची ओढाताण खरोखर होती. पण अमेरी रोजनिशी लिहायचे. २४ सप्टेंबरच्या नोंदीत ते लिहितात की चर्चिल यांच्या मते आधीच अर्धपोटी राहणाऱ्या बंगाल्यांची उपासमार ही धडधाकट ग्रीकांच्या उपासमारीइतकी गंभीर नाही. हे ‘जहाजांची टंचाई’ या शब्दांत कुठे दिसेल? टंचाई सगळ्यांनाच होती. त्या टंचाईत रांगेत कोणाला पुढे घ्यायचं आणि कोणाला मागे, हा खरा निर्णय होता.

पण थांबा. त्याच वाक्यात अमेरी म्हणतात की चर्चिल यांचं कदाचित बरोबरही असेल! त्यांची तक्रार एवढीच की साम्राज्याच्या जबाबदारीची जाणीव त्यांना नाही. म्हणजे रोजनिशी चर्चिलना उघडं पाडते, तशी लिहिणाऱ्यालाही पाडते. शिवाय रोजनिशी लिहिणारा स्वतःची बाजू मांडतच असतो. आणि हेही नोंदलं पाहिजे की एप्रिल १९४४ मध्ये चर्चिल यांनीच रूझवेल्ट यांच्याकडे भारतासाठी जहाजं मागितली आणि त्यांना नकार मिळाला. एक नोंद घेऊन खटला उभा करायचा आणि दुसरी झाकायची, हे वकिलाचं काम झालं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही कागद टेबलावर ठेवावे लागतात.

बर्गिस आणि ब्रुक यांची टिपणं वाचतानाही हेच पथ्य. ऐकणारा एक माणूस, हात एक, बोलणारे दहा. काही निसटणार, काही त्याच्या कानाला हवं तसं उतरणार. म्हणून टिपण इतिवृत्ताशी ताडायचं, इतिवृत्त तारांशी, आणि तारा त्या दिवशी दिल्लीत, पुण्यात, कलकत्त्यात काय घडत होतं त्याच्याशी.

मला व्याख्यानांनंतर नेहमी विचारतात, बर्गिसनं केलं ते बरोबर का? कायद्यानं चूकच. मंत्र्यांना मोकळेपणी बोलता यायला हवं, आपला शब्द उद्या कोणी उचकटेल ही धास्ती नको, या नियमामागे तर्क आहे. मी तो उडवून लावत नाही. पण त्या खोलीत बोलणाऱ्यांना आठवणींचे खंड लिहायची सोय होती. बंगालच्या रस्त्यावर पडलेल्या माणसाला ती नव्हती. त्याच्याबद्दल काय बोललं गेलं, याचा एवढाच पुरावा उरतो: कोणीतरी लिहून घेतलेला आणि आगीत न टाकलेला कागद.

ज्यांनी पुण्याचा आगाखान पॅलेस पाहिलेला नाही, त्यांनी एकदा जरूर जावं. महादेवभाईंची समाधी तिथे आहे, शेजारी कस्तुरबांची. त्या २२ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच गेल्या. तिथे उभं राहिलात की एवढं आठवा, की या वास्तूतल्या माणसाला जगवायचं की मरू द्यायचं यावर हजारो मैलांवर काही लोक बोलत होते, आणि कोपऱ्यात बसून एक कारकुनी पेशाचा माणूस भराभर लिहून घेत होता.

आता तुमचे प्रश्न घेऊ.