फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपची ट्रान्स्फर केस : झीज, निदान आणि दुरुस्ती

फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्याइतकाच महत्त्वाचा, तरीही सर्वांत दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे ट्रान्स्फर केस. गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती मागच्या आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टमध्ये वाटून देणे हे तिचे मुख्य काम. चिखलात, नदीपात्रात किंवा कुळागराच्या चढणीवर लागणारा 'लो' गिअरही बहुतेक गाड्यांत तिच्याच पोटात असतो. ती झिजली की दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. मात्र झिजलेला भाग बदलणे ही निम्मीच दुरुस्ती होय. तो भाग का झिजला, हे शोधल्याशिवाय उरलेली निम्मी पूर्ण होत नाही आणि नवे सुटे भागही त्याच वाटेने जातात.

रचना

ट्रान्स्फर केसचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. जुन्या जीपमध्ये शक्ती दातेरी चक्रांवाटे पुढच्या शाफ्टकडे जात असे. महिंद्रने ज्यांची जुळणी मुंबईत सुरू केली, त्या विलीज जीप याच परंपरेतल्या. आजच्या बहुतेक पिकअपमध्ये हे काम रुंद पोलादी साखळी करते. मुख्य शाफ्टवरच्या स्प्रॉकेटवरून ती पुढच्या शाफ्टच्या स्प्रॉकेटवर जाते. 'लो' गिअरसाठी ग्रहचक्रांचा संच, गिअर बदलण्यासाठी सरकती बाही आणि तिला ढकलणारे शिफ्ट फोर्क, शिवाय वरच्या बेअरिंगांना तेल पोहोचवणारा लहानसा पंप, असा एकूण संसार असतो.

लक्षणे काय सांगतात?

केस उघडण्यापूर्वीच निदानाचा मोठा भाग कानाने आणि हाताने होतो.

• फोर-व्हीलमध्ये भार पडताच 'खाट्' असा धक्का बसत असेल, तर ताणलेली साखळी स्प्रॉकेटच्या दातांवरून उडी मारत असावी.
• टू-व्हील आणि फोर-व्हील दोन्हींत सतत घरघर येत असेल, तर संशय बेअरिंगांवर घ्यावा.
• 'लो' गिअर आपोआप सुटत असेल, तर शिफ्ट फोर्कचे प्लॅस्टिकचे पॅड किंवा बाहीचे दात झिजलेले असतात. अनेकदा दोष केवळ बाहेरच्या लिंकेजचा किंवा शिफ्ट मोटरचा निघतो. म्हणून तपासणी तिथूनच सुरू करावी.
• शाफ्टचा फ्लँज हाताने वरखाली हलत असेल, तर नुसते ऑइल सील बदलून गळती थांबणार नाही. आतले बेअरिंग किंवा बुश गेलेले आहे.

यांतील गिअर सुटण्याचे लक्षण सर्वांत धोक्याचे. ट्रान्स्फर केस न्यूट्रलमध्ये गेली की इंजिनचा चाकांशी संबंध तुटतो. उतारावर इंजिनाचे ब्रेकिंग त्या क्षणी नाहीसे होते. उभी गाडी गिअरमध्ये किंवा 'पार्क'मध्ये असली, तरी ती घरंगळू शकते. अशी गाडी उभी करताना हँडब्रेक ओढावाच, शिवाय चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळा लावावा.

तेलाची साक्ष

तेल काढण्याआधी भरण्याचा वरचा प्लग सुटतो की नाही ते पाहावे. तो गंजून घट्ट बसलेला असेल आणि खालचे तेल आधीच सोडून दिले असेल, तर गाडी जागेवरच अडकते.

काढलेले तेल स्वच्छ भांड्यात धरावे. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. पितळी चमक दिसली, तर बुश किंवा थ्रस्ट वॉशर झिजत आहे. पोलादाचे कण हाताला लागले, तर दात किंवा बेअरिंग तुटले आहे. प्लॅस्टिकचे तुकडे फोर्कच्या पॅडचे असतात. काळे, जळका वास येणारे तेल अतितापाची खूण होय. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरले आहे. तापलेली केस ओहोळाच्या थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ब्रीदर नळी तुंबलेली असल्यास सीलमधून पाणी ओढले जाते. पावसाळ्यात पाण्यातून गाडी नेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

उघडणे, तपासणे, जोडणे

केस जड असते, म्हणून ती उतरवताना योग्य जॅकचा आधार हवाच. दोन अर्धे वेगळे करताना कारखान्याने ठेवलेल्या खाचांतच पहार घालावी. सांध्याच्या पृष्ठभागावर ओरखडा उठला तर पुढे गळती ठरलेली. प्रत्येक सर्क्लिप आणि वॉशर काढताना मोबाइलवर छायाचित्र घेऊन ठेवल्यास जोडणीत घोळ होत नाही.

साखळी सैल पडून केसच्या भिंतीला घासल्याच्या खुणा असतील, तर ती बदलावी आणि दात आकड्यासारखे झिजलेले असल्यास स्प्रॉकेटही सोबत बदलावेत. बेअरिंगे प्रेसने किंवा पुलरने काढावीत, हातोड्याने नव्हे. केस उघडलीच आहे तर सर्व बेअरिंगे, सील, फोर्कचे पॅड आणि पंपाची जाळी एकाच वेळी नवी घालणे शहाणपणाचे, कारण मजुरीचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागत नाही. सांध्याला सीलंट पातळच लावावे. आत सुटलेला जादा गोळा पंपाच्या जाळीत अडकून नव्या बेअरिंगांची उपासमार करतो.

भोकाची गोष्ट

कारण न शोधता केलेली दुरुस्ती कशी फसते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. जनरल मोटर्सच्या शेव्हरले सिल्व्हरॅडो आणि जीएमसी सिएरा पिकअपमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून 'एनपी २४६' आणि तिच्या जातकुळीतल्या ट्रान्स्फर केस बसवल्या गेल्या. त्यांचे कवच मॅग्नेशियम मिश्रधातूचे असते. आतला तेलपंप फिरू नये म्हणून त्याला मागच्या कवचात अडकवलेले असते. तो किंचित हलत राहतो आणि मऊ कवच घासून अखेर त्याला बारीक भोक पाडतो. भोक उंचावर असल्याने उभ्या गाडीखाली तेलाचा डाग पडत नाही. तेल जाते ते गाडी चालताना. मालकाला कळते तेव्हा आतले भाग कोरडे होऊन जळालेले असतात. येथे नुसती बेअरिंगे बदलून उपयोग नाही. मागचे कवच बदलून, पंप घासणार नाही अशी सुधारित पट्टी बसवली तरच दुरुस्ती टिकते.

दुरुस्ती की बदल?

बेअरिंगचे बाहेरचे कडे कवचातच फिरून त्याची जागा मोठी झाली असेल, किंवा शाफ्ट, ग्रहचक्रे आणि कवच तिन्ही गेले असतील, तर दुसरी केस घेणे स्वस्त पडते. जुन्या बाजारातून ती घेताना गिअरचे गुणोत्तर, स्प्लाइनच्या दातांची संख्या आणि स्पीड सेन्सरची जागा आपल्या गाडीशी ताडून पाहावी.

पुन्हा झीज होऊ नये म्हणून

गरजेपुरते फोर-व्हील लावण्याची सोय असलेल्या पिकअप कोरड्या डांबरी रस्त्यावर त्या स्थितीत चालवू नयेत. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक घसरून हा फरक निघून जातो, डांबरावर मात्र तो ताण साखळीवर आणि शाफ्टवर साचतो. कमी-अधिक झिजलेले टायर पुढे-मागे बसवल्यास सरळ रस्त्यावरही तेच घडते. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असावेत.

तेल निर्मात्याने सांगितलेल्या जातीचेच घालावे. गाडी सपाट जागी उभी करून बहुतेक केसमध्ये ते भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत आले की पुरे. त्यानंतर थोडे अंतर चालवून सांधे आणि सील पुन्हा तपासावेत. दुरुस्ती कशी झाली, हे पहिल्या काही दिवसांतली तेलाची पातळीच सांगते.