ब्रेकला वारा हवा

हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरी करून हौसेने घेतलेली स्पोर्ट्स कार शर्यतीच्या ट्रॅकवर नेली, की इंजिनाआधी ब्रेक दगा देतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकना चौपट उष्णता सोसावी लागते.

इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. तरी पुढे अर्धशतक बहुतेक गाड्या ड्रम ब्रेकवरच धावल्या. बंद ड्रममध्ये धग कोंडते आणि ब्रेकची पकड सुटते. १९५३ मध्ये फ्रान्समधली ल मां येथील २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वारने जिंकली. उघड्या डिस्कला वारा लागतो, हे तिचे बळ. पुढे डिस्क आतून पोकळ झाली. मधून हवा ओढून कडेने फेकू लागली. बंपरपासून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेची नळी घालणे, हा त्याच धड्याचा पुढचा भाग.

बोरघाट उतरताना जुने ड्रायव्हर खालचा गिअर टाकतात, तेही याचसाठी. ब्रेक नुसता आवळून भागत नाही. त्याची धग कमी करावी लागते.