उशाशी फोन, समोर टॉवर

नागपुरात मे महिन्यात रात्री लाइट गेली की कूलर बंद, आणि आमचं घर गच्चीवर. गादी, पाण्याची सुरई आणि उशाशी फोन. शेजारच्या बिल्डिंगवर मोबाईलचा टॉवर आहे. आई त्याच्याकडे बोट दाखवून दरवर्षी म्हणते, "तिकडं डोकं करून काऊन झोपतो रे?" उशाशी ठेवलेल्या फोनबद्दल मात्र अवाक्षर नाही! ही टॉवरची भीती आली कुठून, हे एका शनिवारी शोधायला बसलो.

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ चा. त्यानंतर गच्च्यागच्च्यांवर टॉवर उगवले, पण त्यांच्या रेडिएशनची मर्यादा सरकारने घातली ती २००८ साली. तीही आंतरराष्ट्रीय समितीची, जशीच्या तशी. मग डिसेंबर २०१० मध्ये आयआयटी मुंबईच्या प्रा. गिरीश कुमार यांनी दूरसंचार खात्याला अहवाल दिला की ही मर्यादा फारच सैल आहे. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मोबाईलच्या लहरी '२ब' गटात टाकल्या, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक'. (याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, पण त्याची कधी हेडलाइन झाली नाही.) मुंबईत मलबार हिलवर जुही चावला यांनी घरासमोरच्या अँटेनांविरुद्ध मोहीम उघडली. आणि १ सप्टेंबर २०१२ पासून सरकारने मर्यादा एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ४.५ वॉटवरून ०.४५ वॉट.

मराठी पेपरांनी या सगळ्याला सरसकट 'किरणोत्सर्ग' म्हटलं. अणुबॉम्बलाही हाच शब्द! पाठ्यपुस्तकातला 'प्रारण' कोणी वापरलाच नाही. मला वाटतं, निम्मी भीती या एका शब्दाने आणली. मोबाईलच्या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊतींना किंचित ऊब.

आता गच्चीवरचं गणित. अँटेनाला २० वॉट दिले आणि तिने ते एका दिशेला पन्नासपट एकवटले, तर झोताच्या ऐन मध्यावर ५० मीटरवर भरतात साधारण ०.०३ वॉट प्रति चौरस मीटर. कंपन्या चार असतील तर चौपट धरा. झोताच्या खाली त्याहून बरंच कमी. आणि फोन? जुना टूजी फोन पूर्ण जोरात बोलताना सरासरी पाव वॉट फेकायचा. एका फुटावर ते भरतात ०.२ च्या वर. म्हणजे त्या एका अँटेनाच्या सातपट! आणि बोलताना फोन फुटावर नसतो, कानाला असतो.

खरी गंमत पुढे आहे. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो, लांब असला की ओरडतो. टूजीत हा फरक काही मिलीवॉटपासून दोन वॉटपर्यंत, म्हणजे शेकडोपट. सोसायटीने भांडून टॉवर हटवला की प्रत्येकाच्या कानाजवळचा फोन जोर वाढवतो. त्या काळातल्या मोर्च्यांत हा मुद्दा फारसा कानावर आला नाही.

झोपेतल्या फोनचं काय? लहानपणी कॉम्प्युटरच्या स्पीकरशेजारी फोन ठेवला की मेसेज येण्याआधी 'टक्-टटक्-टटक्' वाजायचं, आठवतं? ते फोनचं प्रक्षेपण. बाकी वेळ स्पीकर गप्प, कारण फोन नुसता ऐकत असायचा. रात्रभरात ती टकटक मोजून काही सेकंद. आजचे फोन व्हॉट्सॲप, ईमेलसाठी जास्त वेळा उठतात आणि फोरजीची तशी टकटक ऐकूही येत नाही. फ्लाइट मोड लावला की मात्र तेही बंद, आणि अलार्म चालूच राहतो.

हे सगळं आईला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, माझा फोन उचलला आणि गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवला.

"आणि टॉवर?"

"तो हाये तिथंच. तू डोकं इकडं कर."