गोवरी की खत?

गावाकडच्या मुलांना शेणाचे उपयोग विचारले, की दोन उत्तरे लगेच येतात : गोवऱ्या आणि खत. पण एकच पाटी शेण दोन्हींसाठी वापरता येत नाही. गोवरी जाळली, की शेणातला नायट्रोजन धुराबरोबर निघून जातो आणि शेताच्या वाट्याला राख येते. शेण उकिरड्यात टाकले, तर चुलीला जळण कोठून आणायचे? गोबर गॅसचा इतिहास म्हणजे ही अडचण सोडवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

त्याची सुरुवात मात्र शेणापासून झाली नाही. १७७६ साली इटलीत व्होल्टाने माजिओरे सरोवराच्या काठचा गाळ ढवळला व वर येणारे बुडबुडे बाटलीत धरले. ज्योत दाखवताच तो वायू पेटला. हाच मिथेन. पुढे १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीला कुजणाऱ्या शेणातून निघणाऱ्या वायूतही तो सापडला.

हे घडते कसे? हवा न मिळणाऱ्या जागी काही सूक्ष्मजीव शेणातले मोठे रेणू तोडून आम्ले तयार करतात आणि दुसरे सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन बनवतात. कार्बन व हायड्रोजनचा काही भाग वायुरूपाने बाहेर पडतो. नायट्रोजन बहुतांशी स्लरीतच राहतो. म्हणजे चुलीला गॅस आणि शेताला खत, दोन्ही त्याच पाटीतून!

आपल्याकडे १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात मैल्यापासून मिळालेल्या गॅसवर दिवे लावले गेले. शेणावरचे पद्धतशीर प्रयोग दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास केले. १९५१ मध्ये जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र तयार केले. विहिरीसारखी टाकी आणि तिच्यावर उपडे ठेवलेले लोखंडी पिंप, अशी त्याची रचना होती. गॅस साठला की पिंप वर उचलले जाई आणि पिंपाच्याच वजनाने गॅस शेगडीकडे ढकलला जाई. १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने याच धर्तीची संयंत्रे गावोगाव नेली.

पिंप महाग होते आणि गंजत असे. म्हणून १९७८ मध्ये पक्क्या घुमटाचे, लोखंडी पिंप नसलेले 'जनता' संयंत्र आले. १९८४ मध्ये आणखी कमी खर्चाचे 'दीनबंधू' आले. नावांवरून दिसते, की संयंत्र गरिबाच्या दारी न्यायचे होते. ते तेथवर पोचले का?

साधे गणित करू. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटर गॅससाठी रोज ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे हवीत, आणि शेण कालवायला जवळजवळ तेवढेच पाणी. एकच म्हैस असलेल्या घराला हे परवडत नाही. ज्याच्याकडे जनावरच नाही, तो रस्त्यावरचे किंवा शेजारच्या गोठ्यातले शेण फुकट गोळा करून गोवऱ्या थापत असतो. शेजाऱ्याने संयंत्र बांधले, की ते शेणही मिळेनासे होते. एका स्वयंपाकघरातला धूर जातो, दुसऱ्या घरातले जळण! आणि पाण्याच्या दोन-तीन घागरी वाढल्या, तर त्या डोक्यावर कोणाच्या येतात, हे सांगायला नको.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने 'गोबरधन' योजना सुरू केली. आता मोठ्या गोठ्यांतल्या शेणापासून मिळालेल्या गॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून तो वाहनांसाठीही वापरतात. रसायनशास्त्र तेच आहे. चारा जेथून आला त्या शेतात स्लरी परत जाते का, हे मात्र तेथेही पाहावे लागेल.

आपल्या गावात संयंत्र असेल, तर विद्यार्थ्यांना घेऊन अवश्य जावे. चालू असेल, तर स्लरी कोठे जाते ते पाहावे. बंद असेल, तर का बंद पडले, हे आधी घरातल्या बाईंना विचारावे.