लहान मुलांना जंगल सफारीला नेताना: निघण्यापूर्वी, जंगलात आणि परतल्यावर घ्यायची काळजी

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागली की वडूज, दहिवडी, विटा भागातली अनेक कुटुंबे मुलांना जंगल दाखवायला निघतात. कोणी कराडमार्गे चांदोली किंवा कोयनेकडे जाते, कोणी थेट ताडोबा गाठते. निघण्यापूर्वी पालक बहुधा विचारतात, "वाघाजवळ मुलांना नेणे सुरक्षित आहे का?" गाडीत बसून राहण्याचे नियम पाळले, तर वाघापासून धोका फार थोडा असतो. मुले आजारी पडतात ती ऊन, धूळ, दूषित पाणी, विंचू-साप आणि गोचीड-डासांमुळे. शिवाय जंगलात दवाखाना हाताशी नसतो. त्यामुळे घराजवळ सहज निभावणारी गोष्ट तिथे गंभीर होऊ शकते.

कोणत्या वयाला कोणती सहल?

एक वर्षाखालील बाळाला उघड्या जिप्सीतून नेऊ नका. बाळाचे शरीर लवकर तापते आणि लवकर गार पडते. शिवाय खडबडीत रस्त्यावर त्याच्या मानेला हिसके बसतात.

एक ते चार वर्षांच्या मुलांसाठी घराजवळची अर्ध्या दिवसाची सहल उत्तम. हिवाळ्यात खटाव तालुक्यातल्या येरळवाडी आणि मायणीच्या तलावांवर पक्षी पाहता येतात. कडेगाव तालुक्यातल्या सागरेश्वर अभयारण्यात हरणे दिसतात. मूल कंटाळले, रडले, तर तासाभरात घरी परतता येते.

पाच-सहा वर्षांपुढील मूल तीन-चार तासांच्या सफारीत बसू शकते. तरीही दिवसात एकच फेरी ठेवा. सफारीत मध्येच गाडीतून उतरता येत नाही, म्हणून निघण्यापूर्वी मुलाला शौचालयात नेऊन आणा. मुलांसाठी वयाचा काही नियम आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा.

प्रवास आणि ऋतू

वडूजपासून चंद्रपूर सहाशे किलोमीटरांहून दूर आहे. हे अंतर एका दमात कापू नका. वाटेत एक मुक्काम करा. गाडी लागणाऱ्या मुलाला निघताना हलके खायला द्या आणि पुढे पाहत बसवा. प्रोमेथाझिनसारखी उलटीची औषधे दोन वर्षांखालील मुलांना देऊ नयेत. त्याहून मोठ्या मुलांनाही ती डॉक्टरांना विचारूनच द्या.

वाघ दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात जास्त, म्हणून एप्रिल-मेमध्ये ताडोब्याला गर्दी असते. त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. लहान मुले बरोबर असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. मात्र तेव्हा पहाटेच्या उघड्या गाडीत वारा बोचतो. एका जाड स्वेटरऐवजी कपड्यांचे दोन-तीन थर, कानटोपी आणि मोजे घाला. ऊन चढले की एकेक थर काढता येतो.

ऊन आणि पाणी

मूल खेळण्याच्या नादात पाणी मागत नाही. म्हणून दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट द्या. सहा महिन्यांखालील बाळाला वेगळे पाणी नको. आईचे दूध वरचेवर पाजा.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस सुरू करा. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढ्याच स्वच्छ पाण्यात संपूर्ण पाकीट एकदम विरघळवा. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकू नका. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली द्या. खोक्यात मिळणारी गोड, फळांच्या चवीची पेये म्हणजे ओआरएस नव्हे. जास्त साखरेने जुलाब वाढतात.

सहा तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडले किंवा उन्हात अंग तापून ते असंबद्ध बोलू लागले, तर सहल तिथेच थांबवा. मुलाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंग ओल्या फडक्याने पुसत वारा घाला आणि तसेच दवाखान्यात न्या. उन्हाने चढलेल्या तापावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही.

दम्याचे मूल असेल तर

सफारीच्या कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीची धूळ थेट तोंडावर येते. दमा असलेल्या मुलाचे रोजचे औषध सहलीत चुकवू नका. तातडीचा इन्हेलर आणि स्पेसर बॅगेत खाली न ठेवता हाताशी ठेवा. मोठ्या मुलांना मास्क चालेल. दोन वर्षांखालील मुलांना मास्क लावू नका.

विंचू आणि साप

मुक्काम जंगलाशेजारच्या खोलीत किंवा तंबूत असेल तर मुलांना जमिनीवर झोपवू नका. खाट भिंतीपासून थोडी दूर सरकवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. बूट झटकून मगच घालायला द्या. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय बाहेर जाऊ देऊ नका.

लाल विंचू आपल्या भागातही आहे आणि लहान मुलांना तो जास्त घातक ठरतो. फार दुखत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नका. दंशानंतर दरदरून घाम, वारंवार उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय गार पडणे, मुलग्यांमध्ये लिंग ताठरणे ही विष अंगात भिनल्याची लक्षणे आहेत. पुढे हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी होऊ शकते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. तेव्हापासून विंचूदंशाने होणारे मृत्यू खूप घटले आहेत. पण हे औषध वेळेत मिळायला हवे, म्हणून लक्षणांची वाट न पाहता मुलाला दवाखान्यात न्या.

साप चावला तर मुलाला चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवा आणि निघा. करकचून दोरी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे, मंत्र-उतारा यांत जाणारा वेळ जिवावर बेततो. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते आणि खूण दिसतेच असे नाही. सकाळी मुलाच्या पोटात दुखत असेल, पापण्या जड होऊन मिटत असतील किंवा गिळता येत नसेल, तर सर्पदंशाची शंका घ्या. मुलाला सर्पदंशाची लस मोठ्या माणसाइतक्याच मात्रेत लागते. त्यामुळे पुरेसा साठा असलेल्या रुग्णालयातच जायला हवे.

माकडे आणि कुत्री

मुलांना माकडांसमोर खाऊ धरू देऊ नका. माकड किंवा कुत्रा चावला, ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद-चुना लावू नका. त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. सहल पूर्ण करून घरी गेल्यावर पाहू, असे करू नका.

गोचीड, डास आणि परतल्यानंतरचा ताप

मुलांना फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. डास पळवणारे मलम मुलाच्या वयाला चालते का, ते वेष्टनावर वाचा. लहान मुलांच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ ते लावू नका. संध्याकाळी आंघोळ घालताना काखा, जांघा, कानामागे, कमरेभोवती आणि केसांत पाहा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, हळू ओढा. रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका.

सहलीनंतर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना, त्यांनी विचारले नाही तरी, "आम्ही जंगलात गेलो होतो" असे सांगा. ठिकाण आणि तारीखही सांगा. या एका वाक्याने तपासाची दिशा बदलते:

• चंद्रपूर-गडचिरोली भागातून आला असाल तर मलेरियासाठी रक्त तपासावे लागते. काही प्रकारचा मलेरिया कित्येक महिन्यांनीही डोके वर काढतो.
• अंगावर सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली असेल तर स्क्रब टायफसची शंका येते. लवकर ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने तो बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसे आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो.
• सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो. जंगलात मेलेले माकड दिसले तर त्या जागेपासून दूर राहा.

निघण्यापूर्वी हे करा

• मुलाच्या लसी पूर्ण आहेत का, ते लसीकरण कार्डावर पाहा. धनुर्वाताची आणि गोवराची लस राहिली असेल तर आधी घ्या.
• पॅरासिटामॉलची मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून लिहून घ्या. ओआरएस, चिमटा, बॅटरी आणि नेहमीची औषधे वेगळ्या पिशवीत ठेवा.
• मुक्कामाच्या जागेपासून विंचू-सर्पदंशावर उपचार करणारे जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, किती मिनिटांवर आहे आणि रात्री गाडी मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारा.
• तिथे मोबाइलला रेंज आहे का, तेही विचारा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे, पण रेंज नसेल तर फोन लागणार नाही.

रुग्णालय दीड-दोन तासांहून लांब असेल आणि मूल लहान असेल, तर मुक्काम जवळच्या गावात करा आणि सफारीपुरतेच जंगलात जा. ताप, जुलाब किंवा दम्याचा त्रास चालू असेल तर तारीख पुढे ढकला. बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील. आजारी मुलाला जंगलात नेऊ नका.