बिदरीची वहिवाट

शेतजमिनीच्या तंट्यात वहिवाट मध्येच तुटली की दावा लंगडा पडतो. गणितात आलेखाची रेघ एका जागी तुटली, तरी तिथले सातत्य संपले. हेच कडक माप लावले तर बिदरची बिदरी, म्हणजे काळ्या केलेल्या धातूवर चांदी जडवण्याची कला, त्यात बसत नाही. ही कला बहामनी काळात इराणी कारागिरांनी आणली असे बिदरात सांगतात. पंधराव्या शतकात अहमदशहा वलीने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलवली आणि त्याच्या दरबारात इराणी मंडळींचा राबता होता, म्हणून ते अशक्य नाही. पण काळ खात्रीने सांगता येतो अशा जुन्या वस्तू सतराव्या शतकापासूनच्या आहेत. मधली पोकळी दंतकथेने बुजवू नये असे मला वाटते. बिदरीला तिची गरजही नाही.

तिचे सातत्य आहे ते कामाच्या रीतीत. साधारण 16 भाग जस्त आणि एक भाग तांबे वितळवून वाळूच्या साच्यात भांडे ओततात. ते घासून मोरचुदाने तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. त्या खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातली, ऊन-पाऊस न लागलेली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून ते गरम मिश्रण भांड्याला लावतात. जस्त काळेभोर होते, चांदी मात्र पांढरीच राहते. सगळी बिदरी या एका क्षणासाठी आहे.

यावर कोणी म्हणेल की हुक्क्याचे बूड गेले, पानदान गेले, आता फुलदाण्या आणि कफलिंक होतात. मग उरले काय? शिवाय बिदरी लखनौलाही घडत होती. आक्षेप खरा आहे, पण तो वस्तूंना लागू पडतो. आपला ‘परंपरा’ हा शब्द एकामागून एक येण्याबद्दल बोलतो, एकसारखे राहण्याबद्दल नव्हे. गिऱ्हाईक आधी नवाब होते, आज पर्यटक आहेत. 1956 साली उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघाले, जिल्ह्याचा नकाशाच बदलला. भट्टी मात्र विझली नाही. ती खरोखर विझेल ती शिकणारा हात उरला नाही तर. 2023 साली पद्मश्री मिळालेले बिदरचे शाह रशीद अहमद कादरी हे काम आपल्या वडिलांकडून शिकले.